घराचं माप

भाताची लावणी उरकून जरा टेकला असाल, तर पंधरा मिनिटं आमचं ऐका. आम्ही मुठा खोऱ्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज बोलायचंय घराबद्दल. घर सजवायचं कसं, हे नाही. घर कमीत कमी केवढं असावं आणि त्यात काय काय असायलाच हवं, हे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्यातल्या एकीचं घरकुल मंजूर झालं. जुनं घर कारवीच्या कुडाचं, वर अर्धी कौलं, अर्धा पत्रा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आषाढात घरात टोप, पातेली, बादल्या मांडायच्या आणि कोरड्या कोपऱ्यात पोरं निजवायची. त्यामुळे मंजुरीचा कागद आला तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना.

मग मिस्त्री जोतं आखायला आले. दीर म्हणाले, "न्हाणी आत कशाला? मागं आडोसा आहेच. खिडकी एक बास झाली, पाऊस आत येतो. वाचलेल्या जागेत मोठी खोली होईल." मिस्त्रींनी फक्की टाकली. ही चहा देऊन गप्प बसली. संध्याकाळी गटाच्या बैठकीत मात्र म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे, पण आखलं दुसऱ्यांनीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजणी तिथं गेलो. बरोबर सुतळी होती, फुटाफुटावर गाठ मारलेली. ती म्हणाली, "भाऊजी, जरा थांबा, आम्हाला एकदा राहून बघू द्या." आणि आम्ही त्या फक्कीच्या रेघांत खरंच राहून बघितलं. इथं सासूबाईंची खाट. इथं शेगडी आणि ओटा. इथं धान्याची कणगी. इथं थोरली अभ्यासाला बसणार, धाकटा तिच्या शेजारी झोपणार. अंघोळ बाहेर, म्हणजे पुन्हा अंधार पडायची वाट बघणं आलंच. सगळ्यांच्या जागा झाल्यावर ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी झोपू कुठं?" तिच्या वाट्याला दाराची चौकट आली होती. दीर काही बोलले नाहीत. मिस्त्रींनीच फक्की पायाने पुसली.

त्या दिवसापासून आम्ही मापं शिकायला लागलो. जे कळलं ते सांगतो. कागद-पेन घ्या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होतं. या २५ मध्ये स्वयंपाकाची वेगळी, स्वच्छ जागा धरलेली आहे. म्हणजे स्वयंपाकघर ही चैन नाही, ते मापातच आहे.

दुसरं माप भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतलं. राहायची एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा, म्हणजे आठ फुटांपेक्षा कमी नको. उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. स्वयंपाकघर ५ चौरस मीटर, रुंदी सहा फुटांच्या आसपास. न्हाणी १.८ चौरस मीटर, म्हणजे चार फूट बाय पाच फूट धरा. संडास १.१ चौरस मीटर, तीन बाय चार. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच. खिडक्यांचंही माप आहे. कोरड्या उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या दहावा हिस्सा खिडक्या हव्यात, दमट उष्ण भागात सहावा हिस्सा. दार त्यात मोजायचं नाही. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, म्हणून आम्ही सहावा हिस्साच धरतो. शंभर फुटांच्या खोलीला तीन बाय तीनच्या दोन खिडक्या म्हणजे झालंच. समोरासमोर असल्या तर वारा आरपार खेळतो. पाऊस येतो म्हणून खिडकी कमी करू नका, तिच्यावर छज्जा काढा.

आता बेरीज करू. खोली १०५ फूट, स्वयंपाकघर ५४, न्हाणी २०, संडास १२. एकूण १९१. २६९ मधून ते वजा केले तर ७८ फूट उरतात. भिंतींची जाडी सोडली तरी एक लहान खोली किंवा चांगली पडवी होते. म्हणजे जागा असते, मैत्रिणींनो. आखताना आपण तिथं नसतो, एवढंच.

शहरात नोकरीला गेलेल्या लेकींचं काय? आमच्यातल्या एकीची मुलगी पिरंगुटला कारखान्यात जाते. चौघी मिळून एका खोलीत राहतात. दहा बाय दहा. तिथंच झोपायचं, तिथंच शिजवायचं, कपडेही तिथंच वाळायचे. संडास आठ खोल्यांत मिळून एक. आता गंमत बघा. ९.५ चौरस मीटर म्हणजे १०२ चौरस फूट. आपण ज्याला सरसकट खोली म्हणतो, ती दहा बाय दहाची खोली नुसती झोपायच्या-बसायच्या मापालाही दोन फुटांनी कमी पडते. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास तर अजून मोजलेलेच नाहीत.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या मावळ-मुळशीतून कितीतरी पुरुष डबे पोचवायला मुंबईला गेले आणि एकेका खोलीत दहा-पंधराजण राहिले. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांची खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. तिथं चार-चार पिढ्या वाढल्या. आता त्या चाळींच्या जागी ५०० फुटांची घरं होत आहेत.

माणसांची अशी दाटी आणि कोंदट हवा जिवावर बेतते, हे लोकांना प्लेगने शिकवलं. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, पुढच्या वर्षी पुण्यात. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. घरांत उजेड आणि हवा यावी, हे त्याच्या कामांपैकी एक. तेव्हा खिडकीचं माप हे कुणा साहेबाचं खूळ नाही. त्यामागे माणसं गेलेली आहेत.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या डिसेंबरात चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवारा म्हणजे डोक्यावर नुसतं छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, शुद्ध हवा आणि पाणी, वीज, संडासाची सोय हे सगळं त्यात आलं. मात्र खरं तेही सांगायला हवं. बांधकाम संहिता ही स्वतः कायदा नाही, ती नियमावलीत उतरते तेव्हा बंधनकारक होते. राज्याची त्यासाठी २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. पण दहा बाय दहाची खोली भाड्याने देणाऱ्याच्या दारात कुणी टेप घेऊन येत नाही. म्हणून टेप आपणच घ्यायची.

पैशांचंही बोलू. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे. संडासाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. कातकरी कुटुंबांना जनमन योजनेत घरासाठी २ लाख आहेत. आपल्या खोऱ्यात विटा, वाळू, सिमेंट वर चढवायचं म्हटलं की एवढ्यात भागत नाही, हे आम्ही भोगलंय. तरीसुद्धा हौसेने मोठं जोतं घालून, कर्ज काढून भिंती अर्ध्या ठेवू नका. २६९ फूट नीट पुरं करा. वाढवायची दिशा तेवढी मोकळी सोडा.

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, फक्की टाकताना घरातल्या बाईनं तिथं उभं राहायचं. पैसे हप्त्याने येतात, कामाचे फोटो काढले जातात. एकदा जोतं झालं की माप बदलत नाही. दोन, घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मिळतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ लाही आपलं नाव लागलंय का, ते उतारा काढून बघा. तीन, जागाच नसेल तर पौडला पंचायत समितीत जाऊन पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी करा. चार, लेकीसाठी खोली बघायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी खिडकी बघा, संडास किती जणांत आहे ते विचारा, दाराची कडी आतून लागते का ते लावून बघा.

आमच्या मैत्रिणीचं घर उभं राहिलं. न्हाणी आत आहे. समोरासमोर दोन खिडक्या आहेत. गिलावा बाहेरून अजून व्हायचाय, पैसे संपले. पण या आषाढात तिनं एकही पातेलं मांडलं नाही. आणि तिच्या झोपायच्या जागी आता दाराची चौकट नाही, भिंत आहे.

आज रात्री जेवणं झाली की एक सुतळी घ्या, फुटाफुटावर गाठी मारा आणि आपलं घर मोजा. शेवटी स्वतःला विचारा, यात माझी जागा कुठली? उत्तर आम्हाला कळवा.