एपिसोडचा मजकूर: जे. जे. मधलं ग्लिसरॉल, 1986

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढले आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, राहतो लालबागला. पण माझं रोजचं काम म्हणजे सिस्टीम कुठे बिघडली ते शोधणं, आणि आजची गोष्ट तशीच आहे. फरक इतकाच की इथे सर्व्हर पडले नाहीत, माणसं गेली.

भायखळ्याचं जे. जे. हॉस्पिटल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये तिथले 14 पेशंट किडन्या बंद पडून गेले. हे लोक किडनीच्या आजारासाठी आलेलेच नव्हते. कुणाच्या मेंदूत सूज होती, कुणाच्या डोळ्यातला दाब वाढला होता. अशा वेळी ग्लिसरॉल देण्याची पद्धत होती. ग्लिसरॉल रक्तात गेलं की आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी रक्तात ओढून घेतं, त्यामुळे सूज आणि दाब उतरतो. औषध साधं, जुनं, स्वस्त. कुणाला त्याचा संशय येण्याचं कारण नव्हतं.

पण त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. पुढे मी त्याला डीईजी म्हणेन. हे ब्रेक फ्लुइडमध्ये, रंगांच्या कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. अडचण अशी की तेही रंगहीन, घट्टसर आणि चवीला गोड असतं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर तुम्हाला-मला फरक कळणार नाही.

आता शरीरात काय होतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डीईजी स्वतः फारसं काही करत नाही. दारू पचवणारं जे एन्झाइम लिव्हरमध्ये असतं, तेच डीईजीवर काम करतं आणि शेवटी त्यातून डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं. हे ॲसिड किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये साठत जातं आणि त्या पेशी मरतात. आधी उलट्या, पोटदुखी. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, पुढे बंद. जे यातून वाचतात त्यांच्यापैकी काहींच्या नसांवर नंतर परिणाम होतो, चेहरा लुळा पडतो, हातापायातली ताकद जाते.

यावर उपाय आहे, पण वेळेवर. ते एन्झाइम अडवणारं औषध आहे, फोमेपिझोल नावाचं. ते नसेल तर इथेनॉल, म्हणजे चक्क अल्कोहोल देतात. एन्झाइम त्यात गुंतून राहतं आणि तेवढ्यात डायलिसिसने डीईजी रक्तातून काढून टाकता येतं. विष तयार होऊन पेशी मेल्यावर मात्र डायलिसिस फक्त किडनीचं काम काही दिवस चालवतं. झालेलं नुकसान ते परत फिरवत नाही.

म्हणून प्रश्न येतो वेळेचा. मोठ्या हॉस्पिटलात गंभीर पेशंटच्या किडन्या जाणं ही रोजची बाब आहे. जंतुसंसर्ग असतो, बीपी पडतं, ऑपरेशन झालेलं असतं. एका वॉर्डात एक पेशंट गेला तर डॉक्टर त्याच्या आजारातच कारण शोधणार. पण वेगवेगळ्या वॉर्डांतले, वेगवेगळ्या आजारांचे लोक एकाच प्रकारे जायला लागले, की प्रश्न बदलावा लागतो. ‘या पेशंटला काय झालं’ हे बाजूला ठेवून ‘या सगळ्यांमध्ये समान काय’ असं विचारावं लागतं. आमच्याकडे दहा वेगळी पानं एकाच वेळी अडकली तर आम्ही दहा पानं तपासत बसत नाही, त्या दहांना जोडणारी गोष्ट शोधतो. जे. जे. मध्ये ती गोष्ट ग्लिसरॉल होती.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग. घरातल्या मोठ्यांना ‘लेंटिन कमिशन’ म्हणून बघा, लगेच आठवेल. त्या अहवालाने एका माणसाकडे बोट दाखवलं नाही, अख्खी साखळी उघडी केली. औद्योगिक वापराचं ग्लिसरॉल औषध म्हणून हॉस्पिटलपर्यंत पोचलं होतं. खरेदी, हॉस्पिटलचा कारभार, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, सगळ्यांवर ताशेरे होते. 1988 मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. परळच्या केईएमचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिलं. शेजारच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने हे जगासमोर मांडणं मला महत्त्वाचं वाटतं.

मला सर्वात जास्त टोचतं ते वेगळंच. 1986 साली ही माहिती नवी नव्हती. अमेरिकेत 1937 मध्ये ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ नावाच्या औषधात हेच डीईजी होतं, 100हून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्यातूनच त्यांचा 1938 चा औषध कायदा आला. आपल्याकडे 1973 मध्ये मद्रासला मुलं दगावली. जे. जे. नंतर 1998 मध्ये गुडगाव. बांगलादेशात पॅरासिटामॉलच्या सिरपमुळे. तिथे 1992 च्या डिसेंबरात सिरपवर बंदी घातली आणि मुलांमधल्या ‘कारण कळत नाही’ अशा किडनी फेल्युअरच्या केसेस 84 टक्क्यांनी खाली आल्या. म्हणजे कारण समोरच होतं, औषधाच्या बाटलीत. मग 2006 मध्ये पनामा, 2022 मध्ये गांबिया. आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. तिथली बरीच मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. वीसहून जास्त मुलं गेली. त्या खोकल्याच्या सिरपमध्ये 48.6 टक्के डीईजी सापडलं. मान्य मर्यादा आहे 0.1 टक्का.

टेस्ट नाही म्हणून हे होतंय का? अजिबात नाही. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीने डीईजी पकडता येतं, त्याला फार महागडं यंत्रही लागत नाही. कच्चा माल आला की प्रत्येक पिंपाची तपासणी करायची, इतकं सोपं आहे. पण मधल्या प्रत्येकाला वाटतं की आधीच्याने तपासलं असेल. पिंपावर लेबल आहे, सर्टिफिकेट आहे, चला पुढे. आमच्या धंद्यात एक नियम आहे : बाहेरून आलेला डेटा स्वतः तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, पाठवणारा कितीही ओळखीचा असो. औषधात हा नियम पाळला नाही तर काय होतं, ते जे. जे. ने दाखवलं.

छिंदवाड्याची बातमी आली तेव्हा ताईचा फोन आला होता. भाचा तीन वर्षांचा, त्याला खोकला. ‘अरे, घरात सिरप आहे ते देऊ की नको?’ मी म्हटलं, ‘ताई, मला विचारू नकोस, डॉक्टरांना विचार.’ डॉक्टर म्हणाले गरज नाही, कोमट पाणी द्या, आराम करू दे. चार दिवसांत स्वारी जिन्यावरून धावत होती. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचंही तेच म्हणणं आहे : दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाचच्या आत सहसा टाळावीत.

जाता जाता चार कामाच्या गोष्टी. एक, कुठलंही सिरप उघडलं की बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. बाटली पंधरा दिवस टाकू नका. दोन, औषध घेतल्यावर उलट्या होतायत आणि मुलाची लघवी कमी झाली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा आणि बाटली सोबत न्या. तीन, दुष्परिणामाची शंका आली तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर कळवा. एकट्याची तक्रार छोटी वाटते, पण ‘समान काय’ हे अशा दहा तक्रारी एकत्र आल्यावरच दिसतं. चार, बिल घ्या. बिलाशिवाय ती बाटली कुठून आली ते कुणालाच शोधता येत नाही.

जे. जे. मध्ये त्या वेळी कुणी नर्स, वॉर्डबॉय किंवा डॉक्टर म्हणून असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी असेल, तर मला जरूर लिहा. 1986 च्या आठवणी सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. त्यांच्याशी बोलायला मला आवडेल.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.