दुधाची बाटली आणि साहेबांचा अनुभव

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘निर्णयाच्या जागा आणि बायका’ या विषयावर मी बोलायचं ठरलं, तेव्हा मी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करीन असं तुम्हांला वाटलं असेल. पण आज मी एका अमेरिकन अधिकाऱ्याची गोष्ट सांगणार आहे. आणि आईच्या दुधाची.

किप हॉले हे त्यांचं नाव. शिक्षण कायद्याचं. रेगन अध्यक्ष असताना ते व्हाइट हाउसमध्ये होते. मग युनियन पॅसिफिक या मोठ्या रेल्वे कंपनीत उपाध्यक्ष झाले. पुढे कॅलिफोर्नियातल्या आर्झून या कंपनीत गेले. मालाची ने-आण आखण्याचं सॉफ्टवेअर ती कंपनी करायची. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारनं विमानतळांवरची तपासणी आपल्या हाती घेतली आणि त्यासाठी वाहतूक सुरक्षा प्रशासन हे नवं खातं काढलं. त्याच्या उभारणीत हॉले होते. 2005 ते 2009 या काळात ते त्याचे प्रमुख होते. सरकार, रेल्वे, सॉफ्टवेअर, पुन्हा सरकार. अशा माणसाला आपण अनुभवी म्हणतो, आणि ते खोटं नाही. माल कुठे अडतो, रांग हलती कशी ठेवायची, हे त्यांना कळत होतं.

ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला एक कट उघडकीला आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा बेत होता. अमेरिकेनं लगेच विमानात हातातल्या सामानातून द्रव पदार्थ न्यायला बंदी केली. महिन्या-दीड महिन्यानं ती थोडी सैल केली : छोट्या बाटल्या चालतील, त्याही एका पारदर्शक पिशवीत मावतील तेवढ्याच. बाळाच्या दुधाला सवलत होती, पण बाळ बरोबर असेल तरच.

ही अट नीट ऐका. बाळाला घरी ठेवून दोन दिवस कामासाठी परगावी गेलेली आई डोळ्यांसमोर आणा. बाळ जवळ नाही म्हणून पान्हा थांबत नाही. ती दूध काढते, बाटलीत साठवते, बर्फात ठेवून घरी आणते. तपासणीच्या टेबलावर मात्र ते दूध म्हणजे नियमाहून जास्त असलेला द्रव पदार्थ. मोठ्या सामानात टाका, नाही तर ओतून द्या.

हा नियम दुष्टपणानं केला होता, असं मी म्हणत नाही. करणाऱ्यांना बाळाची आठवण होती. नोकरी करणाऱ्या आईची नव्हती. आई म्हणजे कडेवर मूल असलेली बाई, एवढंच चित्र त्यांच्यापुढे होतं.

4 ऑगस्ट 2007 पासून, हॉले यांच्याच कारकिर्दीत, नियम बदलला. बाळ बरोबर नसलं तरी आईचं दूध नेता येईल, फक्त तपासणीच्या वेळी तसं सांगायचं. दुधाला पातळ औषधांच्या वर्गात घातलं. त्याच दिवसापासून सिगारेटच्या लायटरवरची बंदीही उठली!

पण कागदावर बदललं म्हणजे टेबलावर बदललं, असं होत नाही. कर्मचाऱ्यांना आईच्या दुधाच्या नियमांचं प्रशिक्षण द्या, असा कायदा अमेरिकेला डिसेंबर 2016 मध्ये करावा लागला. मध्ये नऊ वर्षं गेली होती.

अमेरिकेतल्या पुरुषांना नावं ठेवणं सोपं आहे. आता आपल्याकडे बघू. आमच्या सल्ला केंद्राची वेळ बरीच वर्षं अकरा ते पाच होती. एकदा धुणंभांडी करणारी एक बाई कशीबशी धावत आली आणि म्हणाली, “ताई, माझी कामं सहाला संपतात. मग नवऱ्यानं मारल्याचं मी सांगायचं कधी?” केंद्रात आम्ही सगळ्या बायकाच होतो, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, कायद्याची कलमं पाठ असलेल्या. तरीही आम्हांला हे सुचलं नव्हतं. आता आठवड्यातून दोन दिवस केंद्र रात्री आठपर्यंत उघडं असतं. ते तिच्यामुळे.

निर्णयाच्या जागी बायका हव्यातच, ती मागणी सोडायची नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. नियम ज्यांना लागणार, त्यांना आधी कुणी विचारलं का, हेही दरवेळी विचारलं पाहिजे. उद्या परत गेलात की आपापल्या संस्थेच्या दारावरची वेळेची पाटी वाचा. ती कुणाच्या सोयीनं लिहिली आहे ते बघा, आणि पुढच्या शिबिरात येऊन सांगा.