शिकाऊ हातांची विद्या
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



वास्तूचा भक्कमपणा सिमेंटइतकाच कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. काँक्रीट सहज पसरावे म्हणून अजाण हात त्यात जादा पाणी ओततो आणि ते तेथेच दुबळे होते. नव्या कामावर किमान 7 दिवस पाणी का मारावे, ओळंबा कसा धरावा, हे जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच अंगी मुरते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने अशा शिक्षणास विद्यावेतनाचा आधार दिला. तरीही अनेक होतकरू मुले वर्षानुवर्षे केवळ घमेली वाहतात. आपल्यातील बांधकाम व्यावसायिकांना नम्र विनंती, की प्रत्येक कामावर एका तरी मुलाच्या हाती थापी द्यावी. त्याने बांधलेल्या घरांत उद्या आपलीच नातवंडे राहणार आहेत.