शहाण्णव वेळा अर्धी होणारी संख्या



फार मोठी संख्या समोर आली की सामान्य माणूस ‘अगणित’ म्हणून मोकळा होतो. जैन आचार्यांनी तसे केले नाही. त्यांनी संख्यात, असंख्यात आणि अनंत असे स्वतंत्र भेद केले. जे मोजता येते ते कितीही विशाल असो, त्याला अनंत म्हणावयाचे नाही, ही त्यामागील शिस्त होय.

अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची किमान संख्या सांगताना हीच शिस्त दिसते. २ चा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, मग ६५,५३६. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा वर्ग २० अंकी. पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार म्हणजे ही संख्या:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

सूत्र आणखी दोन खुणा सांगते. ही संख्या २९ स्थानांची आहे आणि तिचे ९६ वेळा अर्धे होते. इतक्या लांबीचे कापड असेल, तर ९६ व्या वेळी अर्धे केल्यावर बरोबर एकच एकक उरेल. कोठेही तुकडा वाया जाणार नाही.

या दोन खुणांचे मर्म मोठे आहे. ९६ वेळा नि:शेष अर्धी होणारी २९ अंकी संख्या एकच आहे. तिची दुप्पट केली की ३० अंक होतात. म्हणून नकलाकाराच्या हातून एक अंक जरी चुकला, तरी अर्धे करण्याची क्रिया ९६ पर्यंत पोहोचणार नाही आणि चूक उघडी पडेल. संख्येचे रक्षण तिच्या रचनेनेच केले आहे.

अन्य गुणही पाहण्यासारखे आहेत. ती पाचव्या वर्गाचा घन आहे आणि २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ चा वर्गही आहे. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या फक्त ९७, आणि ९७ ने भागल्यास बाकी १ उरते. सर्व अंकांची बेरीज १२७.

किती वेळा अर्धे होते या मोजणीला आचार्य वीरसेनांनी धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. आजच्या गणितात तो २ या पायाचा लॉगरिदम होय. युरोपात नेपियरने आपली लॉगरिदमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. हे साम्य सांगताना अतिशयोक्ती मात्र नसावी. नेपियरने आकडेमोडीसाठी सविस्तर कोष्टके रचली, ते कार्य निराळे.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेली धवला डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रकाशित होऊ लागली. ग्रंथ कपाटातून बाहेर आला, तेव्हाच त्यातील गणित अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. आता तो पुन्हा कपाटात जाऊ नये. ‘आमच्या शास्त्रात सर्व आहे’ असे केवळ म्हणण्यापेक्षा, घरातील एखाद्या मुलाने कागद-पेन्सिल घेऊन ही संख्या ९६ वेळा अर्धी करून पाहावी. शेवटी १ उरेल, तेव्हा पूर्वजांचा शब्द त्याला स्वत:च्या हाताने पटलेला असेल. तीच खरी श्रुतपूजा.

जय जिनेंद्र!