खरकट्यातला हायड्रोजन आणि घरचा गॅस
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



एका श्रोत्याने पत्र पाठवून विचारले आहे, "खरकटे आंबवून हायड्रोजन निघतो, त्यावर गाडीसुद्धा चालते असे ऐकले. आमच्या गॅसच्या टाकीतून तो काढता येईल का?" प्रश्न चांगला आहे. नुसते 'नाही' म्हणून तो सोडून देण्यासारखा नाही, कारण हायड्रोजन तुमच्या टाकीत रोज तयार होतोच. तो बाहेर येत नाही, इतकेच.

टाकीत जिवाणूंच्या दोन टोळ्या काम करतात असे समजा. शिळा भात, भाकरीचे तुकडे, सडकी केळी आत गेली की पहिली टोळी ती आंबवते. दूध नासावे तशी आंबट आम्ले तयार होतात, आणि त्याबरोबर हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. दुसरी टोळी ही आम्ले आणि हा हायड्रोजन खाऊन मिथेन बनवते. आपल्या शेगडीत जळतो तो हा मिथेन.

हायड्रोजनच हवा असेल तर दुसऱ्या टोळीला काढून टाकावे लागते. प्रयोगशाळेत त्यासाठी शेणकाला आधी उकळतात. मिथेन करणारे जिवाणू मरतात, पहिल्या टोळीतले काही बीजरूपाने तग धरतात. मग आंबटपणा आणि उष्णता कायम बेताची ठेवावी लागते. एवढे करून हाती काय येते? एक किलो साखरेपासून, सगळे मनासारखे जुळले तरी, सुमारे 44 ग्रॅम हायड्रोजन. त्याच साखरेचा मिथेन केला तर जी आच मिळते, तिच्या निम्मीदेखील यातून मिळत नाही. बाकीची शक्ती त्या आंबट पाण्यात तशीच राहते. प्रत्यक्षात तर याहूनही कमी पदरात पडते.

शिवाय धोका आहे. हायड्रोजनला वास नाही, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. बारीकशा सांध्यातूनही तो निसटतो. हवेत मिथेन शेकडा 5 ते 15 भाग असला तर पेटतो; हायड्रोजन 4 पासून 75 भागांपर्यंत पेटतो. म्हणून ड्रम, बाटल्या, फुगे जोडून घरी हा उद्योग कोणी करू नये. शास्त्रज्ञांना तो करू द्या.

आता आपल्या कामाची गोष्ट. टाकीत हायड्रोजन आणि आम्ले साचू लागणे हे टाकीच्या दुखण्याचे लक्षण आहे. माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याने घरच्या लग्नानंतर उरलेला भात आणि जिलेबी, चांगली चार घमेली, एकदम टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी डोम वर आला, घरात आनंद. पण शेगडी पेटेना! त्या वायूत कार्बन डायऑक्साइडच जास्त. पुढे तोही थांबला, आणि घरच्या बाई तीन आठवडे पुन्हा चुलीच्या धुरात बसल्या. डोम भंगारात घालायची बोलणी झाली होती. चूक त्यांची एकट्याची नाही. "भात चालतो" असे मीच सांगितले होते, किती ते सांगितले नव्हते.

झाले असे की पहिली टोळी झपाट्याने वाढते, दुसरी सावकाश. एकदम जास्त घातले की आंबट वाढते आणि दुसरी टोळी बसून राहते. आम्ही खाद्य बंद केले. चार-पाच बादल्या आंबट पाणी काढले आणि शेजारच्या चालू टाकीतली मळी रोज दोन बादल्या घातली. चुन्याची निवळी थोडी थोडी दिली, एकदम नाही. निळा लिटमस कागद लाल व्हायचा थांबला, आणि निळी ज्योत परत आली.

खरकट्याच्या गॅसबद्दल बोलताना पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे नाव घ्यावे लागेल. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने 2003 च्या सुमारास पिठूळ आणि गोड खाद्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. 2006 साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेचा हिशेब असा, की 2 किलो (कोरडे वजन) अशा खाद्यापासून एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो; तेवढ्यासाठी शेण 40 किलो लागते, आणि दिवसही 40. खरकटे शेणापेक्षा किती जोरकस आहे ते यावरून कळेल. म्हणूनच ते मोजून घालायचे.

नवी टाकी आधी शेणकाल्यावर सुरू करावी. गॅस नीट जळू लागला की रोज पाव किलो खरकटे बारीक करून, पाण्यात कालवून द्यावे. आठवडाभर ज्योत चांगली राहिली तर थोडे वाढवावे. हाडे, लोणच्याचा खार, साबणाचे पाणी आत जाऊ देऊ नये. ज्योत नेहमी शेगडीवरच पाहावी; टाकीजवळ काडी ओढू नये, मग कितीही घाई असो.

पत्र पाठवणाऱ्या श्रोत्यांनी आपली टाकी किती लिटरची आणि रोज काय घालता, ते कळवावे.