कोयत्यालाही बोलण्याचा हक्क हवा

(कामगार दिनानिमित्त मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



१ मे हा महाराष्ट्र दिन आपण सीमाभागात आठवणीने पाळतो. तो कामगार दिनही आहे, हे मात्र विसरतो. म्हणून आज आम्ही ऊसतोड मजुरांविषयी बोलणार आहोत. बीडकडच्या टोळ्या निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या फडांत येतात, त्या आपलीच भाषा बोलतात. आपल्यापैकी अनेकांचा ऊस त्यांच्याच हातून तुटतो.

या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि सारा हंगाम ती फेडण्यात जातो. आजारपणात दिवस गेला तर खाडा धरून पैसे कापतात. तक्रार करायची कुणाकडे? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, दर कारखान्याचा. मालकच सापडत नाही, तिथे वाटाघाटी कुणाशी करायच्या?

तरीही या लोकांनी संघटना उभ्या केल्या. उचल फिटेपर्यंत हात बांधलेले, म्हणून संप करायचा तो हंगामाच्या तोंडावर, हे ते शिकले. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाने ३४ टक्के दरवाढ मान्य केली. तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. एकट्या कोयत्याला हे कधीच मिळाले नसते. पण तो करार महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा. टोळी सीमा ओलांडून आली की तो मागे राहतो.

कायद्याचे काय? शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९२३ मध्येच स्वीकारला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत, तिला वाटाघाटीचा अधिकार, असे ती सांगते. पण ऊसतोड मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असतेच कुठे?

आपल्यातले काही म्हणतील, दर वाढला की तोडणीचा खर्च आपल्याच बिलातून कापला जाणार. ही चिंता खोटी नाही. शिवाय टोळीची खुशालीही आपणच भरतो. पण १९८१ आठवा. तंबाखूच्या दरासाठी निपाणीचा महामार्ग शेतकऱ्यांनी रोखला, गोळीबारात माणसे गेली. त्याआधी वखारीत एकट्या शेतकऱ्याला कोण विचारत होते? जो हक्क आपण रस्त्यावर बसून मागितला, तो आपल्याच फडातल्या माणसाला नाकारायचा कसा? त्याला रीतसर दर मिळाला, तर खुशाली नाकारायलाही आपल्याला तोंड राहील.

म्हणून मंडळाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्हाला वाटते. आपल्या भागातील कारखान्यांनी टोळीशी लेखी करार करावा, तोही मराठीत. हजेरीपटावर नवरा आणि बायको, दोघांची नावे स्वतंत्र असावीत. आणि दर ठरवताना मजुरांच्या संघटनेला बैठकीत जागा असावी.

यातला पहिला अर्ज येत्या हंगामाआधी आपल्याच सह्यांनी जाऊ द्या.