राखणीला गेलो आणि पळू लागलो



मागच्या वेळी आम्ही इथं गटाच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज पळण्याबद्दल बोलणार आहोत. हसू आलं तर हसून घ्या, आम्हालाही आलं होतं.

आम्ही मिहानच्या कडेच्या वस्तीतल्या बाया. नागपूरच्या विमानतळापासून वर्धा रोडच्या अंगानं हा सगळा भाग पसरला आहे. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी यात गेल्या. जिथं तूर आणि कापूस उभा असायचा तिथं आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे आणि मध्ये रुंद, गुळगुळीत रस्ते. आमच्यातल्या काही जणी याच भागात साफसफाईच्या नाहीतर कॅन्टीनच्या कामाला जातात. पण हे रस्ते फक्त कामावर जाण्यायेण्यापुरते, असंच आम्ही धरून चाललो होतो. पहाटे ते रिकामे असतात. शहरातली माणसं चारचाकीत बसून इथं यायची, गाडी कडेला लावायची आणि पळायची. आम्ही आपसात म्हणायचो, गाडीत बसून पळायला येतात, नवलच आहे!

आमची सुरुवात झाली ती पोरींमुळं. वस्तीतल्या पाच पोरी पोलीस भरतीची तयारी करत होत्या. भरतीत मुलींना मैदानी चाचणी असते: ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. सरावाला पहाटेच जावं लागतं, कारण नंतर कुणाचं कॉलेज, कुणाचं काम. पण पहाटे अंधार, मोकाट कुत्री, रात्रपाळीच्या गाड्यांची ये-जा. घरचे म्हणाले, एकट्या पाठवणार नाही. गटाच्या मासिक सभेत विषय निघाला आणि ठराव झाला की रोज दोन बाया आळीपाळीनं राखणीला जातील. ठराव वहीत आहे. त्यात ‘पळणे’ हा शब्द कुठंही नाही.

पहिला आठवडा आम्ही शाल गुंडाळून दुभाजकावर बसलो. डिसेंबर होता. नागपूरची पहाटेची थंडी तुम्हाला माहीत आहे, आणि तिथं तर सगळं मोकळं माळरान. एक पोरगी वळून आली नि म्हणाली, “काकू, कुडकुडत बसण्यापेक्षा चाला तरी.” म्हणून चालू लागलो. मग कुणीतरी म्हणालं, या खांबापासून त्या खांबापर्यंत पळून पाहू. दिव्याच्या दोन खांबांमधलं अंतर ते किती! तेवढ्यात छातीचा भाता झाला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरल्या की खाली बसून सडा टाकता येईना. पण तिसऱ्या दिवशी, पाळी नसताना, सहा जणी हजर.

वस्तीत बोलणं झालंच. पानठेल्यावरचे एक आजोबा रोज विचारायचे, “काऊन वो, कुकडे पयून राहिल्या? मागं कोन लागलं?” आमच्यातल्या एकीनं एकदा उत्तर दिलं, “मागं काम लागलं आहे बाबाजी, तेच्या पुढं पयून राहिलो.” त्यानंतर ते फक्त हात करायचे.

पोरींनीच आम्हाला शिकवलं. आधी दहा मिनिटं भरभर चाल. मग एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पंधरा दिवसांनी एक पळायचं, एक चालायचं. मग दोन पळायचे, एक चालायचा. घड्याळाची गरज नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की पळताना बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटलं तर वेग जास्त आहे, कमी करा. हा नियम आम्हाला फार मानवला. बोलण्यात आम्ही कधीच कमी पडलो नाही. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या पोराची फी, बँकेचा हप्ता, सगळं त्या रस्त्यावर बोलून झालं. तीन महिन्यांत आम्ही न थांबता तीन किलोमीटर जाऊ लागलो.

पण एक जण काही पुढं सरकेना. दोन खांब झाले की धापा, डोळ्यांपुढं अंधारी. आम्ही तिला आळशी म्हटलं. हो, म्हटलं, आता लाज वाटते. शेवटी आरोग्य केंद्रात नेलं तर हिमोग्लोबिन ८.२. ते १२ च्या वर असायला हवं. नर्सताई म्हणाल्या, महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी असतं. एवढ्या रक्तावर ही बाई घरचं सगळं करून, कामावर जाऊन, वर आमच्याबरोबर पळायचा प्रयत्न करत होती! तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, लिंबूपाणी चालतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. तोवर आमच्यातल्या निम्म्या जणी गोळी चहाबरोबरच गिळत होत्या. ती तीन महिने फक्त चालली. आता पळते.

दुसरी गोष्ट रेडिओवर सांगावी की नाही यावर आमचा वाद झाला. सांगायचं ठरलं. पळताना लघवीचे थेंब जातात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायांना हा त्रास होतो. आमच्यातल्या चौघींना होत होता आणि चौघींना वाटत होतं की आपल्या एकटीलाच आहे. एक जण पळायचीच बंद झाली. विचारलं तर म्हणायची गुडघा दुखतो. खरं कारण महिन्यानं बाहेर आलं. यावर व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोळ्या लाटताना, बस थांब्यावर, कुठंही करता येतं, कुणाला दिसत नाही. दोन-तीन महिने नेमानं करावं लागतं. नाहीच फरक पडला तर डॉक्टरांना दाखवा. लपवू मात्र नका.

मग निघाला बुटांचा प्रश्न. आम्ही चपला घालून, काही जणी पोरांच्या जुन्या कॅनव्हासवर पळत होतो. टाचा दुखू लागल्या. एकीनं सभेत अर्ज दिला की मला बुटांसाठी हजार रुपये अंतर्गत कर्ज हवं. त्या दिवशी सभा दोन तास चालली. गटाचं कर्ज बियाण्याला, शिलाई मशीनला, दवाखान्याला, पोरांच्या फीला. बुटाला कसं? एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “बारामतीची ती बाई अनवाणी पयली न!” लता भगवान करे यांची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये पळाली आणि आपल्या गटात पहिली आली. पुढं २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांचं नाव घेऊन कुणी आम्हाला बूट नाकारावेत हे काही पटलं नाही. अनवाणी पळणं हा त्यांचा शौक नव्हता, ती नड होती. कर्ज मंजूर झालं, शेकडा दोन रुपये व्याजानं, बाकीच्या कर्जांसारखंच. नंतर बुटांसाठी आणखी सात अर्ज आले. एकही हप्ता थकला नाही.

पोरींच्या ८०० मीटरबद्दल एक गोष्ट नंतर आमच्या वाचनात आली, ती सांगतो. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा मैदानी खेळांत घेतलं. त्यात ८०० मीटरची शर्यत होती. ती संपल्यावर बाया दमून पडल्या असा गवगवा झाला आणि हे अंतर बायकांना झेपत नाही म्हणून पुढं १९६० पर्यंत ती शर्यत ठेवलीच नाही. बायकांची मॅरेथॉन तर थेट १९८४ साली आली. आणि २०१६ साली रिओला, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली, दहावी आली. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. आमच्या पोरींनी तिचा फोटो मोबाइलवर लावला होता.

आता शर्यतींबद्दल. नागपुरात थंडीच्या दिवसांत रविवारी छोट्या शर्यती होतात, ३, ५, १० किलोमीटरच्या. पहिल्या वर्षी आम्ही नऊ जणींनी ३ किलोमीटरला नाव दिलं. प्रवेशशुल्कात टी-शर्ट मिळाला, पुरुषी मापाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. छातीवर नंबर लावला. आदल्या रात्री ठरवलं की हात धरून एकत्र पोहोचायचं. आपण गट आहोत. बचत सगळ्यांची सारखी, तर शेवटही सारखाच. तसंच केलं. फोटो छान आला. नंतर तर्री पोहे खाल्ले, मेट्रोनं खापरीला परतलो, दिवसभर मिरवलो.

आमच्यातली सर्वांत चपळ बाई, एका इमारतीत साफसफाईचं काम करणारी, दुसऱ्या दिवशी पळायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस झाले. आम्हाला वाटलं घरी काही झालं असेल. समन्वयक म्हणून विचारायला जाणं भाग होतं. आधी तिनं टाळलं. मग म्हणाली, “घरी मी सगळ्यायचं झाल्यावर जेवते. कामावर सगळे गेल्यावर खोल्या पुसते. थांबतच आली आजवर. पयतानाबी थांबू का?”

यावर आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही. आम्ही तर समजत होतो की तिच्यावर मायाच केली. तिला मागं ओढलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सभेत यावर चर्चा झाली आणि ती काही गोड झाली नाही. एकीचं म्हणणं पडलं की जिला पुढं जायचं तिनं जावं, मग गट कशाला. दुसरी म्हणाली की बचत सारखी असते पण कर्ज गरजेप्रमाणंच देतो ना, तेव्हा कुठं म्हणतो गट मोडला?

मार्ग पुन्हा पोरींनीच दाखवला. त्या तसाच सराव करत होत्या. सगळ्यांनी एकत्र निघायचं. जी पुढं गेली तिनं ठरलेल्या वेळी वळायचं, शेवटच्या बाईपर्यंत मागं यायचं, तिच्यासोबत थोडं जायचं आणि पुन्हा सुटायचं. चाळीस मिनिटांत कुणाचे तीन किलोमीटर होतात, कुणाचे सहा. पण अंधारात कुणी एकटी राहत नाही आणि कुणाचे पाय बांधले जात नाहीत. हे सरावाचं झालं. शर्यतीत मात्र जिची तिची वेळ.

पुढच्या थंडीत सात जणींनी ५ किलोमीटरला नावं दिली. आमची चपळ बाई सुरुवातीच्या गर्दीत मागं उभी राहिली. पुढं फोटो काढणारी कुटुंबं, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप. दोरीपर्यंत पोहोचायलाच तिला जवळपास दोन मिनिटं लागली. नंबराला चिप असली तर तुमची वेळ तुम्ही दोरी ओलांडल्यापासून धरतात, पण बक्षिसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सुटीच्या इशाऱ्यापासून मोजतात. म्हणून जोरात पळायचं असेल तर लाजू नका, पुढं जाऊन उभ्या राहा. तिची चिपची वेळ २८ मिनिटं ४० सेकंद आली. बक्षीस नाही. तिला राग आला होता, पण तो आता घड्याळावर होता, आमच्यावर नाही.

आमच्या ज्येष्ठ काकू, त्याच अनवाणीवाल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या शेवटच्या होत्या. त्या येईपर्यंत पाण्याचं टेबल उचललं होतं आणि पदकांचं खोकं बांधायला घेतलं होतं. आम्ही सगळ्या मागं धावत गेलो, शेवटच्या वळणावर त्यांना गाठलं आणि हात धरायला पुढं झालो. काकूंनी हात झटकला. “व्हा बाजूले. दरवाज्यातून मी एकटीच जाईन.” आम्ही रस्त्याच्या कडेला झालो. त्या गेल्या. खोकं बांधणाऱ्या पोरानं सुतळी सोडून पदक काढून दिलं. ५२ मिनिटं.

पाच पोरींपैकी एक भरती झाली. एकीचं लग्न झालं. दोघी पुन्हा तयारी करत आहेत. पाचवी आता आम्हाला शिकवते. राखण आता तिची करावी लागत नाही, तीच आमची करते.

सध्या आम्ही मंगळवार, गुरुवार आणि रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. एप्रिल लागला की पावणेपाच, कारण उन्हाळ्यात नागपूरचं ऊन सहा वाजताच अंगावर येतं. मे महिन्यात पळत नाही, नुसतं चालतो. येणार असाल तर आधी रक्त तपासून या. चप्पल असली तरी चालेल, पहिले पंधरा दिवस चालायचंच आहे. कुत्र्यांसाठी काठी आणू नका, ती आमच्याकडं आहे.